मुरघासाच्या खड्ड्यातला उन्हाळा

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणे पुष्कळ झाले, पण त्यातला सगळ्यात थोर मूर्खपणा मी पाटावर बसून, डोक्यावर पदर घेऊन, मोठ्या शालीनतेनं केला. मला बघायला पाहुणे आले होते. नाव विचारून झालं, भाकरी येते का ते विचारून झालं, आणि मग होणाऱ्या सासूबाईंनी मधेच विचारलं, "पोरी, पवता येतं का गं तुला?"

आता मी कोण? भीमेकाठची. पळसदेवच्या अंगाला आमचं गाव होतं, ते पुढं उजनीच्या पाण्याखाली गेलं. नदी म्हणजे आमचं परस. पुरातून वाहत आलेला लाल भोपळा धरायला उडी टाकून आईच्या हातचा मार खाल्लेली मी. दम कोंडून तळाची वाळू मुठीत आणून पोरांच्या तोंडावर फेकणारी मी. पण पाटावरच्या त्या शहाणीला वाटलं, या प्रश्नात काहीतरी डाव आहे. पोहते म्हणावं तर पोरगी उंडगी ठरायची. मग तिनं मान हलवली. नुसती हलवून गप्प बसली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत ती वर बोलली, "मला पाण्याचं भ्या वाटतं."

ती पोरगी आज मला कुठं भेटली तर कान धरून तिला पाण्यातच बुडवीन. बुडायची नाही म्हणा.

सासरी आले तर दारातच विहीर. काळ्या दगडात बांधलेली, पायऱ्यांची, कपारीत पारव्यांची घरटी. उन्हाळ्यात वरून वाकून पाहिलं की हिरवं पाणी खालून तोंडावर गारवा फेकायचं. पण वाकायचीही सोय नव्हती. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हिरीकडं फिरकायचं न्हाय. पाणी म्या शेंदीन." आणि शेंदायच्या. धुण्याचं, प्यायचं, गुरांचं, सगळं. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत मनात म्हणायची, काय बाई आपला मान! दुसऱ्या सुना खांद्याला घट्टे पाडून घेतात आणि आपल्याला सासू दोराला हात लावू देत नाही. राणीच की मी. राणीला फक्त एवढंच कळत नव्हतं, की दुपारी विहिरीत पोरं धबाधब उड्या टाकायला लागली की भाकरी का करपते.

एकदा ह्यांनी, माझ्या नवऱ्यानं, मला पोहायला शिकवायचा घाट घातला. रानातून येताना कालव्याच्या पाटाला संथ पाणी होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हणाले, "भ्या मोडू तुजं. धर माजा हात." तेव्हा खरं सांगून टाकायची केवढी सोपी संधी होती. पण मी नाटक केलं. ज्यांना पोहता येतं त्यांनी एकदा बुडायचं नाटक करून पाहावं. अंग ऐकत नाही. पाय आपोआप हलतात, पाठ आपोआप वर येते. मी मुद्दाम नाकातोंडात पाणी घेतलं, खोकले, ठसकले, ह्यांच्या गळ्यात पडले. हे घाबरून मला काठावर घेऊन बसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुज्या नशिबात पाणी न्हाय." मी मान डोलावली. हे गेले तेही हाच समज घेऊन गेले.

आणि आत्याबाईंनी तो प्रश्न का विचारला होता, ते मला माझा धाकटा, दत्ता, रांगायला लागल्यावर कळलं. तो विहिरीच्या दिशेनं सरकला तशा त्या किंचाळल्या. पोराला उचलून छातीशी धरून ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "ह्या हिरीत माजी नणंद गेली. पाणी शेंदताना पाय सटाकला. आमी बाया काठावर नुसत्या बोंबलत हुतो, एकीला बी पवता येत नव्हतं. गडी रानात. म्हणून तुला बघाय आले तवा इचारलं हुतं. पवणारी सून मिळाली तर बरं, वाटलं हुतं."

म्हणजे त्या पाटावर 'हो' एवढंच उत्तर त्यांना हवं होतं. तेवढं एक सोडून मी बाकी सगळं बोलले होते. तरीही पत्करून घरात आणलं, आणि मी त्या वाटेनं जाऊ नये म्हणून दोर स्वतःच्या हातात ठेवला. तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? पण खोटंही मुरघासासारखं असतं. हिरवा चारा खड्ड्यात तुडवून दाबला, वरून झाकला, की मग तो उघडायला छाती लागते. वास सगळ्या वस्तीभर जातो. मी झाकूनच ठेवला.

परवा श्रावणीचा फोटो आला मोबाइलवर. ही माझी नात, दत्ताची थोरली, आता बारामतीला वसतिगृहात राहून शिकते. मैत्रिणींबरोबर पळसदेवला गेली होती. उजनीचं पाणी उतरलंय, जुनं देऊळ बाहेर आलंय, आणि चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवर ही उभी. खाली लिहिलंय, "तुझ्या गावात आहे. तळं भरलंस का?" फोटो पाहून उठले आणि सायकलच्या ट्यूबला लावतात ते सोल्युशन शोधायला लागले. त्याचा झणझणीत वास नाकात गेला आणि तो उन्हाळा जसाच्या तसा अंगणात येऊन बसला.

त्या साली पण देऊळ वर आलं होतं. मी आणि श्रावणी एसटीनं गेलो. लोक जत्रेसारखे आलेले, पोरं देवळापुढं फोटो काढतायत, एक जण उसाचा रस विकतोय. मी मात्र त्या करड्या चिखलात आमच्या धुण्याच्या दगडाची जागा शोधत होते. सापडली नाही. वारं सुटलं की वाळलेल्या शेवाळाचा आणि मेलेल्या शिंपल्यांचा वास येत होता आणि त्या वासातही मला माझी नदी ओळखू येत होती. पोरगी मात्र गप्प. एरवी हिची टकळी थांबत नाही. विचारलं तेव्हा डोळे भरले. "आज्जी, पप्पा म्हणले, आता मोठी झालीस, हिरीत उतरायचं न्हाय. आपला धाकटा ओंकार उतरतो की! मी त्याच्यापेक्षा चांगली पवते."

खरंच पोहायची. दत्तानंच लहानपणी पाठीला डबा बांधून शिकवलं होतं आणि पोरगी माशासारखी झाली होती. आणि आता एकाएकी तिचं पाणी बंद. कारण काय, तर मोठी झाली. बाईनं पाणी डोक्यावरून वाहून आणलेलं चालतं. कडेवर, कमरेवर, खांद्यावर चालतं. धुणं-भांड्याला, गुरांना, नवऱ्याच्या आंघोळीला चालतं. त्या पाण्यात ती स्वतः शिरली की मात्र गावाचं काहीतरी मोडतं. काय मोडतं ते मी आजवर पुष्कळांना विचारलं. कुणी धड सांगत नाही.

त्या भेगाळलेल्या जमिनीवर उभी राहून मी म्हणाले, "रडू नको. आपण आपलं पाणी करू."

घरामागं मुरघासाचा खड्डा रिकामा पडला होता. गाई कमी केल्यापासून त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. तीन बाजूंनी विटांची छातीभर भिंत, चौथी बाजू चारा काढायला उघडी. माझं डोकं त्या उघड्या बाजूवर चालायला लागलं. भंगारात पडलेल्या ट्रॉलीचे फाळके, म्हणजे बाजूच्या लोखंडी फळ्या, होते. ते तिथं आडवे लावले. मागून टेकू म्हणून मोडलेल्या द्राक्षबागेचे अँगल ठोकले आणि खताच्या गोण्यांत वाळू भरून रचल्या. शेजारच्या शालनच्या शेततळ्याचा कागद कुत्र्यांनी फाडला होता. कागद म्हणतात, पण असतं ते जाड काळं प्लास्टिक. तो तिनं बांधावर गुंडाळून टाकलेला. म्हणाली, "न्या की आक्का, मला सरपणाला बी उपेगाचा न्हाय." वालचंदनगरच्या वाटेवर भंगाराचं दुकान आहे, तिथून माझी सून कविता एक गंजकी लोखंडी शिडी स्कूटीला बांधून घेऊन आली. नवऱ्याला काही बोलली नाही. मलाही नाही. शिडी भिंतीला टेकवली आणि कणीक मळायला गेली. तिच्या मनात काय आहे ते मला तेवढ्यावरून समजलं.

कागदाखाली मऊ काहीतरी हवं, नाहीतर विटा टोचून भोकं पडतात. शालननं कुठूनसा वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स आणला. उलगडला तर सोन्याची साखळी, गॉगल, हात जोडलेले.

"अवं आक्का, ह्यो तर भावी सरपंच! ह्याच्यावर पाय द्यायचा?"

"तोंड खाली करून अंथर. त्याला बी दिसायला नको, आपल्याला बी."

कागदाच्या फाटक्या जागा आम्ही ट्यूबचे तुकडे कापून, सोल्युशननं डकवून बुजवल्या. मी आणि श्रावणी उन्हात पालथ्या पडून घासत होतो, चिकटवत होतो, वर वरवंटा ठेवत होतो. ते काळं प्लास्टिक तापून हाताला चटके द्यायचं. आत्याबाई लिंबाखाली बाजल्यावर पडून सगळं बघत होत्या. नव्वदीला टेकलेल्या, उजवा खांदा वर जात नाही, वेणी मीच घालते. पण जीभ तरणी. "काय गं, म्हातारपणी खड्डा खणायला लागलीस? मला पुरतीस का काय त्यात?"

"तुमाला कशाला? तुमी माज्या नंतर."

पहिल्यांदा पाणी सोडलं ते फजितीच. मोटरचा पाइप आत सोडला, कागद फुगत फुगत वर आला, आम्ही टाळ्या वाजवतोय, तेवढ्यात एक फाळका कण्हला. खरंच कण्हला, म्हातारं माणूस उठताना कण्हतं तसा. आणि सगळा लोंढा अंगणात. आदल्या दिवशी घातलेल्या आत्याबाईंच्या कुरडया वाहत गोठ्यापर्यंत गेल्या. त्यावरून त्यांनी मला ज्या शिव्या घातल्या त्यातल्या काही मी जन्मात पहिल्यांदा ऐकल्या. पुन्हा अँगल ठोकले, गोण्या दुप्पट केल्या. दुसऱ्यांदा खड्डा गपगुमान भरला. चारी बाजूंनी जुन्या शेडनेटचा पडदा बांधला, तसा आत हिरवा उजेड पडला. विटांत मुरलेला मुरघासाचा आंबूसगोड वास, वर विहिरीच्या थंड पाण्याचा वास. श्रावणीनं कठड्यावरून सूर मारला आणि पाणी माझ्या पायांवर उडालं. मी पदर सावरून मागं सरकले. लाजेनं नाही हो. सवयीनं.

हो, मी काठावरच. सगळं बांधलं, पण उतरले नाही. घरातल्या सगळ्यांच्या लेखी मला पाण्याची भीती वाटत होती ना!

त्याच आठवड्यात आम्ही दोघी बारामतीला गेलो, पोरीला पोहायचे कपडे आणायला. दुकानातला पोरगा नम्रपणे म्हणाला, "आज्जी, कुणासाठी दाखवू?"

"माझ्यासाठी."

तो माझ्या नऊवारीकडं बघत राहिला. मग मालकाकडं बघितलं. मालकानं छताकडं बघितलं. श्रावणी हसू दाबून बाहेर पळाली. मी म्हणाले, "फुलांफुलांचा असला तर बरं." शेवटी पोरीसाठी निळा घेतला. पण खरं सांगते, त्या फुलांफुलांच्याकडं मी जाता जाता एकदा वळून पाहिलं.

मग दुपारी बाया यायला लागल्या. आधी शालन, मग तिच्या जावा, मग खुरपणीहून परत येणाऱ्या दोघी-तिघी. गाऊनवर, परकरावर, जे असेल त्यावर. उन्हानं रापलेल्या, उसाच्या पानांनी हात चिरलेल्या. पाण्यात पहिलं पाऊल टाकताना प्रत्येकीच्या तोंडातून एकच आवाज निघायचा, शेवटचं ओझं उतरवल्यावर निघतो तो. श्रावणी त्यांना शिकवायची. "काकी, पाय मारा! न्हाय, लाथा नका मारू, पाय मारा!" शालन शिडी धरून तरंगायची आणि ओरडायची, "सोडू नगा गं मला, भावी सरपंच वडतोय खाली!"

दत्ता कुरकुरायचा. वाईट नाही माझा लेक. पण त्याला चार माणसांचा फार धाक. म्हणाला, "आई, ऐन उन्हाळ्यात पाण्याची अशी नासाडी? लोक बोलतात."

"नासाडी कुठली? मोटरचं पाणी एका अंगानं आत येतं, दुसऱ्या पाइपनं हत्तीघासाला जातं. आधी सरळ जायचं, आता आमच्या अंगावरून जातं. घास काही कमी वाढला का?"

घास उलट जोमानं वाढला होता.  पण त्याच्या कुरकुरीमागं पाणी नव्हतंच.

खरं कारण एका दुपारी डेअरीवर निघालं. कुणीतरी रस्त्यावरून, उसाच्या ट्रॉलीवर चढून, आमच्या बायांचा व्हिडिओ काढला होता. पडद्याच्या वरून. दूध घालायला आलेल्या माणसांनी तो बघून दात काढले आणि एकानं दत्ताला विचारलं, "काय दत्ताराव, तिकीट किती लावलंय?"

तो आला तो गोठ्यातला विळा घेऊनच. पडदा फाडून आत शिरला. बाया धडपडत शिडीनं वर आल्या, ओल्या गाऊनमध्ये भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, एकमेकींच्या आड. दोन मिनिटांपूर्वी ज्या खिदळत होत्या त्यांच्या माना खाली गेल्या. त्या खाली गेलेल्या माना मला ओळखीच्या वाटल्या. पाटावर बसलेल्या एका शहाणीची तशीच होती.

"बास झालं हे! आजच्या आज फाडतो," दत्ता म्हणाला आणि त्यानं कोपऱ्यात, फाळक्याच्या फटीतून, विळ्याचं टोक खुपसलंच. कागद फाटला. पाण्याची धार थेट त्याच्या छातीवर.

"पप्पा, नको!" श्रावणी पाण्यातच उभी होती. "ज्यानं व्हिडिओ काढला त्याच्यावर जावा की! आमच्यावर का?"

 उत्तर नसलं की माणूस विळा पुन्हा उचलतो. त्यानं उचलला.

मी काय केलं ते ठरवून केलं नाही. ठरवायला गेले असते तर पुन्हा मान हलवून बसले असते. नऊवारीचा काष्टा आवळला, कठड्यावर चढले आणि सूर मारला. पाणी डोक्यावर मिटलं. किती वर्षांनी ते आवाज ऐकले, पाण्याखालचे, कानात घुमणारे! तळाला हात लावला. कागदाखाली भावी सरपंच, त्यांच्याखाली मुरूम. वाळू नव्हती मुठीत आणायला. वर आले, दोन हात मारून मधोमध गेले, आणि पाठीवर पडून राहिले. आकाश पांढरंफटक. कावळा एक. नऊवारीत हवा भरून मी फुगले होते, तरंगणारा भोपळाच.

"हं," मी म्हणाले. "फाड आता."

 कोपऱ्यातली धार तेवढी सूं करत होती. मग दत्ताचा आवाज आला, लहान पोराचा यावा तसा. "आई? तुला पवता येतं?"

"तुज्या बापाला सुदीक शिकवलं असतं. त्यानं मला शिकवायची घाई केली."

एक बाई फिसकन हसली. मग शालन. मग भिंतीच्या कडेनं हसू एकीकडून दुसरीकडं पसरत गेलं, आणि माना वर आल्या. शालननं मुकाट्यानं दत्ताच्या हातातला विळा काढून घेतला. कविता घरातून सोल्युशनची डबी आणि ट्यूबचा तुकडा घेऊन आली, ते दोन्ही नवऱ्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "तुमीच फाडलं, तुमीच चिकटवा." तो खाली बसला. चिकटवायला लागला. त्या सगळ्या कागदावरचं सगळ्यात वेडंवाकडं ठिगळ ते. दर उन्हाळ्यात सुटतं. दर उन्हाळ्यात मी ते त्यालाच लावायला लावते. व्हिडिओवाल्याचं पुढं काय झालं विचाराल, तर दत्ता दुसऱ्या दिवशी डेअरीवर गेला आणि भर रांगेत म्हणाला, "माज्या आईचा सूर न्हाय आला त्यात. या घरी, दावतो." कुणी आलं नाही.

पण त्या दुपारी मला भीती दत्ताची नव्हतीच. पाठीवर पडल्यापडल्या मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून लिंबाकडं बघत होते. फाटलेल्या पडद्यातून बाजलं स्पष्ट दिसत होतं. आत्याबाई उठून बसल्या होत्या. त्यांनी सूर पाहिला होता, तळाला जाणं पाहिलं होतं, तरंगणं पाहिलं होतं. मुरघासाचं तोंड उघडलं होतं.

काठी टेकत टेकत त्या आल्या. बायांनी वाट दिली. फाळक्याला धरून उभ्या राहिल्या आणि मला निरखत राहिल्या, जणू पुन्हा बघायला आल्यात. मी पालथी झाले, काठाशी आले, छातीभर पाण्यात उभी राहिले. सून म्हणून इतकी वर्षं त्यांच्यापुढं उभी राहिले, पण असं ओलंचिंब, असं उघडं पडून कधीच नाही. माफी मागायला मी तोंड उघडलं. उजवा हात त्यांनी नेहमीसारखा छातीशी धरला होता. डावा हळूहळू पुढं आला, आणि त्या म्हणाल्या,

"सटवे, तुज्या वाटचं समदं पाणी म्या शेंदलं, ह्यो खांदा त्यातच गेला. आता हात दे, मला बी आत घे."